पुतळाबाईंना निरोप

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. घरात रेडिओ नाही, शेजारी नाही, साऱ्या आळीतही नाही, अशी कल्पना करा. अख्ख्या गावाला मिळून एकच रेडिओ, तोही चावडीत, लाकडी पेटीत, कुलपाआड. दिवस कलला की माणसं हातपाय धुऊन त्या पेटीसमोर येऊन बसतात आणि ती पेटी बोलेल ते खरं मानतात. दिसली ती पेटी? तिच्या आत मी होतो. आज माझ्या जाळीवर उंदरांनी दात घासले आहेत, पण तेव्हा माझा शब्द गावात शेवटचा असे.

मुंबईच्या एका कारखान्यात माझे भाग जुळवले गेले. सरकारने मला मावळातल्या या गावाला दिलं. कामशेत स्टेशनावर उतरलो आणि पुढे भाताच्या पेंढ्यात गुंडाळून बैलगाडीने आलो. चावडी आणि तिच्या मागची खोली यांच्यामधल्या भिंतीत एक खिडकी होती. तिथे फळी ठोकून मला बसवलं. कुलपाची किल्ली दत्तोबाकडे. तो चावडी सांभाळायचा.

गावात वीज नव्हती. मी बॅटरीवर बोलायचो. ती धोंड्यासारखी जड आणि आत अ‍ॅसिड भरलेली. ती उतरली की मी मुका. मग गावातला नथू तिला पाटीत घालून डोक्यावरून कामशेतला नेई. तिथल्या दुकानात ती भरून परत येईपर्यंत चावडी सुनी पडे.

मी बातम्या सांगत असे, बाजारभाव सांगत असे, हवा कशी राहील ते सांगत असे. शेतकऱ्यांसाठी गप्पाही असत. एकदा मी जपानी पद्धतीने भात लावायला सांगितलं, तेव्हा कोंडाजी म्हणाला, "जपानात चिखूल तरी आसतो का आपल्यासारका?" पण पुढच्या लावणीला त्याने दोरी धरून ओळीत रोपं लावली. दसऱ्याला मला झेंडूची माळ मिळे. बांधावरचं भांडण असो की लग्नाची बोलणी, "रेडिओत आलंय" असं कुणी म्हटलं की दुसरा गप्प बसे. मित्रांनो, इतका मान कुणालाही मिळू नये, असं मला पुढे वाटलं.

ओट्यावर गावकरी बसत. डोंगरावरच्या वाडीची माणसं खाली अंगणात, गावकऱ्यांच्या वहाणांच्या पलीकडे. त्यांना "वर या" म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. माझा आवाज मात्र तिथवर पोचायचा.

वाडीवर पुतळाबाई राहायची. तिचा एकुलता एक मुलगा गोविंदा पुण्याला नदीकाठच्या एका वखारीत कामाला गेला होता. गोविंदाची बायको आधीच वारली होती, म्हणून त्याची मुलगी बाया आजीजवळच असे. तो गेला त्याच पावसाळ्यात धरण फुटलं आणि पुण्यात पूर आला. मी दिवसभर तीच बातमी सांगत होतो. पुढे कित्येक दिवस वाचलेल्या माणसांचे निरोप माझ्यातून येत. अमक्याच्या आईला कळवतो की मी सुखरूप आहे, काळजी करू नये. पुतळाबाई बायाचा हात धरून डोंगर उतरून येई आणि प्रत्येक नावाला मान वर करी. गोविंदाचं नाव आलं नाही. मग निरोपच बंद झाले. भातं कापून झाली, तरी ती येतच राहिली.

"म्हातारी रोज समूर बसून रडका चेहरा करती," ओट्यावरचा बजरंग एकदा म्हणाला. "बातम्यांची समदी गंमत जाती बगा."

बजरंगचा दोस्त सीताराम नकला करण्यात पटाईत. बातम्या देणाऱ्याचा आवाज तर तो असा काढायचा की मलाच चकवा बसावा. "आता ऐका ठळक बातम्या. भिकाजीच्या म्हशीने आज दूध देण्यास साफ नकार दिला आहे." सारा ओटा हसे. भिकाजीही हसे. तोवर ते ठीक होतं.

एके संध्याकाळी बॅटरी कामशेतला गेलेली होती. माझ्या पेटीतला तिचा कप्पा रिकामा होता. ओट्यावर सगळ्यांना हे ठाऊक होतं, पण खाली बसणाऱ्या पुतळाबाईला कोण सांगणार? ती नेहमीच्या वेळी आली. बाया कामशेतला मोळी विकायला गेली होती, म्हणून ती एकटीच होती. बजरंगने सीतारामला कोपराने ढोसलं. सीताराम मागच्या खोलीत गेला आणि तिथल्या रॉकेलच्या डब्यावरचं नरसाळं माझ्या पाठीशी धरून बोलू लागला.

"आता ऐका निरोप. मावळ तालुक्यातील पुतळाबाईंना त्यांचे चिरंजीव गोविंदा यांचा निरोप. मी सुखरूप आहे. येत्या सोमवारी संध्याकाळच्या गाडीने कामशेतला उतरेन. आईने स्टेशनवर यावे. येताना कोंबडीचे कालवण आणावे."

कालवण ऐकून ओट्यावर कुणीतरी हसू दाबून खोकलं. पुतळाबाई उठून उभी राहिली. तिने माझ्याकडे बघून हात जोडले.

"माजं नाव घेतलं त्यानं," ती म्हणाली. "चिरंजीव म्हनाला गोविंदाला."

तेवढ्यात मोळीची रिकामी दोरी खांद्यावर टाकून बाया आली. तिने शेवटचे शब्द ऐकले होते.

"आजी, ह्यो रेडिओ न्हाई बोलला. हितली बॅटरी कामशेतात दुकानात हाय. मी आत्ताच बगून आले. नथूआबा तितंच बसलेत."

"मग आतनं कोन बोललं गं?" बजरंगने विचारलं. "तुजा बाप?"

आता सगळे उघड हसले. पुतळाबाईने मागे वळून बायाच्या थोबाडीत मारली.

"बापाचं त्वांड बगायचं न्हाई व्हय तुला? रेडिओला खोटा म्हनती?"

बाया रडली नाही. गाल धरून ती माझ्या पेटीतल्या रिकाम्या कप्प्याकडे बघत राहिली. कोंडाजी उठून घरी निघाला. त्याला हे आवडलं नव्हतं, पण पुतळाबाईला खरं सांगायला तोही थांबला नाही.

सोमवारी पुतळाबाईने होती ती एकच कोंबडी कापली. बजरंग मजा बघायला मुद्दाम कामशेतला गेला. दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून त्याने सगळं रंगवून सांगितलं.

"उतरंल त्या गड्याच्या त्वांडाकडं बगत व्हती. एकाला तर म्हनली, लय वाळलास रं. त्यो तिकीट तपासनीस निगाला."

"अन् कालवण?"

"तसंच माघारी नेलं. झाकनसुदिक काढलं न्हाई."

यावर फारसं कुणी हसलं नाही. तेवढ्यात पुतळाबाईच आली. ती आपल्या जागी बसली नाही. ओट्याच्या कडेशी येऊन मलाच विचारू लागली.

"बाबा, चूक माजीच झाली. सोमवार कंचा म्हनालास? ह्योच, का फुडला?"

बॅटरी परत आली होती आणि मी कांद्याचे भाव सांगत होतो. मला थांबता येत नव्हतं. ती मात्र माझ्या प्रत्येक आकड्यात सोमवार शोधत होती.

सगळ्यांनी सीतारामकडे पाहिलं. एका वाक्यात सारं मिटलं असतं. त्याने घसा खाकरला.

"फुडला, मावशी," तो म्हणाला. "तुमीच ऐकायला चुकला."

पुढच्या सोमवारी ती पुन्हा स्टेशनावर गेली. या वेळी बाया तिच्याबरोबर गेली नाही. ती चावडीवर आली आणि धुळीने भरलेल्या पायांनी सरळ ओटा चढली. दत्तोबा "ए पोरी, खाली" म्हणाला, तरी ती उतरली नाही. सीतारामसमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊ, आनिक येकदा बोला की त्या आवाजात."

"काय बोलू?"

"बाबा येनार न्हाई म्हनून. मी सांगितलं तर आजी मारती. तुमचं ऐकती ती."

सीतारामने नजर चुकवली. "असलं न्हाई जमायचं मला."

"आदीचं जमलं की."

त्याने टोपी उचलली आणि तो निघून गेला. बजरंगही गेला. बाकीचे माझ्याकडे कान देऊन बसले, जणू त्या दिवशीच्या बातम्या फार महत्त्वाच्या होत्या.

मित्रांनो, पुढे गावात वीज आली, तरुणांच्या खांद्यावर ट्रान्झिस्टर आले. माझी किल्ली हरवली, तर कुणी शोधलीही नाही. आता मी शाळेच्या अडगळीत मोडक्या बाकांखाली असतो. माझ्यावरची धूळ पुसा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण कुणी तुमच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवत असेल, तर तो शब्द जपून वापरा. माझ्या आवाजात बोलणं सोपं होतं. त्या आवाजाने केलेलं निस्तरायला मात्र त्या ओट्यावरचा एकही मोठा माणूस उठला नाही.

ते निस्तरलं कुणी, तेवढं सांगतो.

स्टेशनाकडून येणारी वाट चावडीवरूनच वाडीकडे जाते. त्याच दिवशी दिवेलागणीला पुतळाबाई आली आणि आपल्या जागी टेकली. बाया तेव्हा मागच्या खोलीत होती. तिने मागून हात घालून माझं बटण फिरवलं. मी गप्प झालो. मग तिने तेच नरसाळं उचललं, ओठांना लावलं आणि जमेल तेवढा जाड आवाज काढला.

"पुतळाबाईंना निरोप. गोविंदा येनार नाही. स्टेशनवर जाऊ नये. घरी नात एकटी असते."

शुद्ध बोलायचा तिने जिवापाड प्रयत्न केला होता. ओट्यावर कुणी हसलं नाही, कुणी खोकलंही नाही. पुतळाबाई माझ्याकडे बघत राहिली. मग तिने पदर तोंडावर घेतला आणि त्या पावसाळ्यानंतर पहिल्यांदाच ती मोठ्याने रडली.

बायाने नरसाळं होतं तिथे ठेवलं. ती मागच्या दाराने बाहेर पडली, चावडीला वळसा घालून पुढे आली आणि आत्ताच आल्यासारखी आजीजवळ जाऊन बसली.

"आजी," तिने विचारलं, "काय म्हनला गं रेडिओ?"