जवळचं दार

वहीच्या पानावरचा तो अंगठ्याचा ठसा – पेन्सिलीची पूड आणि मेंढीची चरबी मिसळून उमटलेला, रेषा न् रेषा मोजता यावी असा – बुरुल मघापासून त्याच्याकडेच बघत होती. शेजारी तिरपं अक्षर : 'काळ्या खडकामागे गेलो. परत आलो. चालू.' खाली पुन्हा तेच. आणखी एकदा तेच. आणि चौथ्या ओळीत, 'परत आलो. पेटी मेली.'

ही वही तोकोन आबाकेंनी गावाहून बिश्केकला येणाऱ्या मिनीबसच्या ड्रायव्हरकडे दिली होती, कुरुतच्या, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांच्या, पिशवीत घालून. एकसष्ट वर्षांचे आबाके म्हणजे डोंगरातल्या तळ्याचे राखणदार. उन्हाळ्यात दुपारी बर्फ वितळतं, तळं चढतं, आणि बांधातली झडप वेळेवर उघडली नाही तर सगळं पाणी चिखल-दगड घेऊन गावावर येतं. गावातून वर चढायला चार तास. पाण्याला खाली यायला वीस मिनिटं... सहा वर्षांपूर्वी ते अर्ध्या चढावर असतानाच पाणी त्यांच्या बाजूने खाली गेलं होतं. "आधी आवाज आला," त्यांनी एकदाच सांगितलं होतं, "मग वास. ओल्या मातीचा. मी वर बघत होतो, आणि गाव तर माझ्या पाठीमागे होतं." एवढंच बोलून त्यांनी चहाचा पियाला पालथा ठेवला होता.

त्या वीस मिनिटांसाठी ती आणि तिचा सहकारी मेदेर दोन वर्षं या एका खोलीत बसले होते. झडपेला मोटर, मोटरशेजारी लोखंडी पेटी, पेटीत नखाएवढी चिप, आणि त्या चिपमध्ये तिने लिहिलेला इवलासा सर्व्हर. शहरातल्या कुठल्या मोठ्या यंत्रावर काहीच नाही. कुणीही फोनवरून पत्ता टाकावा आणि पेटीने स्वतःच एक पान पुढे करावं – पाणी किती, झडप किती उघडी, आणि खाली दोन बटणं. एक फोटोसुद्धा मावणार नाही इतक्या जागेत तिने हे सगळं बसवलं होतं. त्याचा तिला गर्व होता, का नसावा... आणि पेटी वर बसवल्यावर दर चार-पाच दिवसांनी गप्प व्हायची. आबाके चढून जायचे, वीज बंद करून चालू करायचे, उतरायचे. सहा आठवडे. एकदाही कुरकुर नाही. इथे टेबलावर मात्र तशीच दुसरी पेटी कधीच मरत नव्हती, आणि बुरुल फोनवर त्यांना शिकवायची – आबाके, बटण हळू दाबा, दोनदा दाबू नका – जणू चूक त्यांच्या बोटांत होती.

मग ही वही आली. पान उघडं ठेवून खडकामागे जायचं, रेंज तुटली की परत यायचं, पुन्हा उघडायचं. कुणी सांगितलं नव्हतं. शाळा आठवीत सुटलेला माणूस बर्फाच्या कडेला एकटा असा येरझाऱ्या घालत होता, आणि दर वेळी एकच गोष्ट बदलत होता. तिच्या सर्व्हरकडे जागा चारच. निरोप न घेता निघून गेलेला पाहुणाही जागा अडवून बसायचा. चारही अडल्या की पाचव्याला दार बंद. दोष तिचा होता, आणि तो तिला पेन्सिलीने लिहून आला होता.

दुरुस्ती सोपी होती : पाहुणा तीस सेकंद गप्प राहिला तर त्याला उठवायचं. अवघड होतं ते इथून पाठवणं. नवं बिघडलं तर पेटी आपोआप जुन्यावर परत यावी, हेही तिनेच लिहिलं होतं, टेबलावर दोनशे वेळा तपासलं होतं. पण टेबल म्हणजे डोंगर नव्हे. सकाळपासून ऊन कडक. पाणी दोनशे चौदा सेंटिमीटर. दोनशे तीसच्या आत झडप उघडायला हवी. जुन्या सर्व्हरच्या तीन जागा आत्ताच अडलेल्या.

तिने फोन लावला. "आबाके, कुठे आहात?"

"कुठे असणार? घरी. सुनेने बोर्सोक तळलेत, तुझ्या वाटणीचेही मीच खातोय."

"आज वर जायचं नाही हं. दुपारी दगड सुटतात, आणि तुमचा गुडघा –"

"गुडघा माझा आहे, पोरी. तू तुझं बघ."

फोनमध्ये वारा घोंगावत होता. अंगणात बसले असतील.

"पाठव आता," मेदेर म्हणाला, "का आधी तळ्याला विचारून येतेस, थांबशील का म्हणून?" त्याच्यापुढे जिल्ह्याच्या आजच्या चाचणीचा फॉर्म होता. त्यातला एक रकाना तिला पाठ होता : चाचणीच्या वेळी जागेवर माणूस – होता, नव्हता. यंत्र एकट्याने चाललं तरच मंजूर.

तिने पाठवलं. बारा टक्के... एकेचाळीसवर तुटलं, पुन्हा जुळलं... शंभर. मग पेटी स्वतःला बंद करून उठणार होती, आणि तेवढा वेळ जगात तिचा कुठेच पत्ता नव्हता. एक मिनिट. दोन. तिला ओल्या मातीचा वास आला – इथे, चौथ्या मजल्यावर. तीन... चौथं मिनिट संपत आलं आणि तिने पुन्हा मागितलेलं पान नऊ सेकंदांनी आलं. पाणी दोनशे सव्वीस. तिने बटण दाबलं. झडप चार सेंटिमीटर. दहा. अठरा.

मेदेरने टेबलावर मूठ आपटली. "चालली! अगं, चालली!"

फोन वाजला. "उघडली," आबाके म्हणाले.

"तुमच्याकडे आलं का पान?"

"आलं की! पापणी लवायच्या आत."

ती हसली, आणि हसू अर्ध्यावर थांबलं. मोबाइलच्या टॉवरवरून पान नऊ सेकंदांच्या आत कधीच येत नाही. तिने पेटीची नोंद उघडली. दोन पाहुणे. एक टॉवरच्या दाराने आलेला – ती स्वतः. दुसरा जवळच्या दाराने, पेटीच्या स्वतःच्या वायफायवरून. तो तीस-चाळीस पावलांपलीकडे पोचत नाही.

म्हणजे पहाटेच निघाले असणार. तो गुडघा घेऊन.

"आबाके," ती म्हणाली, "चहा गार झाला असेल."

 "कधीचाच," ते म्हणाले. "सावकाश उतरतो आता... उठतो म्हणजे. यंत्र चांगलं केलंस, पोरी."

"नव्हता, असं लिही आणि संपव," मेदेर फॉर्म पुढे सरकवत म्हणाला.

तिने पेन घेतलं. पहिल्यांदा टोचलं ते साधंच – त्यांचा माझ्यावर भरवसा नव्हता. मग ती चार मिनिटं तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. पेटी गप्प, पाणी डोळ्यांदेखत दगडावरची एकेक खूण गिळत चाललेलं, हाताखाली झडपेचं जुनं चाक, आणि सहा वर्षांपूर्वीचा तो आवाज कानात असलेला माणूस. नुसतं फिरवायचं होतं. कुणी नावं ठेवली नसती. आणि त्यांनी चाक फिरवलं नव्हतं. तिच्या यंत्राला आधी संधी दिली होती, चारही मिनिटं... मी असते तर? पहिल्याच मिनिटाला.

"लिहितेस ना?" मेदेरने विचारलं.

"थांब जरा," ती म्हणाली. पेनचं टोक रकान्यावर टेकलेलं होतं, आणि तिथे शाईचा ठिपका हळूहळू मोठा होत होता.