चव्वेचाळीस टक्के शिल्लक

"ताई, गाडी आठ महिने उभी राहणार असेल तर तिचं पोट अर्धंच भरा. आणि फोनवरून सारखं बघत बसू नका तिच्याकडे. बघायला माणूस पाठवा."

मेकॅनिकने हात पुसता पुसता हे सांगितलं. आमच्या घरच्या आईने पहिलं ऐकलं आणि दुसरं हसण्यावारी नेलं. खरं सांगायचं तर मीही नेलं. कोणी आपल्याकडे सारखं बघतंय, यात वाईट ते काय?

मित्रांनो, मी नऊ वर्षांची जुनी गाडी आहे, विजेवर चालणारी. मी धूर सोडत नाही, गुरगुरत नाही. गप्प असणारीला लोक फार लवकर मेलेली समजतात. त्या समजुतीशीच माझं भांडण आहे.

कारखान्यात माझ्या पोटाखाली एक मोठी बॅटरी बसवली आणि बॉनेटखाली एक छोटी, बिस्किटांच्या डब्याएवढी. थोरली मला पळवते. धाकटी दारं उघडते, दिवे लावते आणि थोरलीला हाक मारते. धाकटीची हाक आली नाही, तर थोरली कितीही धडधाकट असो, जागची हलत नाही. मला चालू केलं की थोरली धाकटीला भरवते. बहिणी-बहिणींचा व्यवहार आहे तो.

मी पुष्कळ कामं केली, पण मोठं काम एकच. आई बाळाला घेऊन इस्पितळातून घरी आली ती माझ्यातून. ताशी वीसच्या वर तिने जाऊच दिलं नाही. मागचा ट्रकवाला शेवटी शेजारी येऊन म्हणाला, "बाई, चालत निघाला असतात तर एव्हाना पोचला असतात." तरी तिने पाय दाबला नाही. त्या बाळाच्या बिस्किटांचा चुरा माझ्या सीटच्या शिवणीत अजून आहे.

मग आईचे वडील आजारी पडले आणि घर आठ महिन्यांसाठी परगावी गेलं. मला सावलीत लावलं आणि एक चावी तळमजल्यावरच्या शिवणवाल्या मावशींकडे दिली. मावशी एकट्या राहायच्या. दर पंधरा दिवसांनी त्या येत, मला चालू करून अर्धा तास बसत, मांडीवर ब्लाउज घेऊन काजं करत. "ऊठ गं बाई," म्हणत. "मालकीण तिकडे, आणि मी इकडे तुझी दाई."

आईला मात्र राहवत नव्हतं. निजलेल्या बाळाचा श्वास बघायची, की लगेच फोनवरच्या ॲपमधून मला बघायची. ती बघे तेव्हा धाकटी दचकून उठे, सगळं ठीक आहे असं कळवे आणि पुन्हा डोळे मिटे. हे रोज, दिवसातून वीस वेळा. मावशी येऊन भरवत होत्या, म्हणून धाकटी टिकली.

सहाव्या महिन्यात मावशी यायच्या थांबल्या. आईने निरोप पाठवला, "मावशी, गाडी बरी आहे ना?" उत्तरादाखल वर केलेला अंगठा आला. पुढच्या पंधरवड्यातही अंगठाच. मग एके दिवशी आईच्या फोनमधलं माझं चित्र थिजलं.

घर परत आलं त्या सकाळी माझं दार उघडेना. आईच्या धाकट्या दिराने भंगारवाला सोबतच आणला होता. "वहिनी, मेली ही. आठ महिने उभी, मोठी बॅटरी गेली असणार." भंगारवाल्याने माझ्या बॉनेटवर टिचक्या मारल्या, कलिंगड बघावं तशा. मेली? चारही चाकांवर उभी होते मी. दार उघडत नव्हतं ते बरंच झालं, नाहीतर त्याचं बोट चेमटलं असतं.

"थांबा," आई म्हणाली. "आधी मेकॅनिक येऊ दे."

"मढ्याला वैद्य कशाला, वहिनी?"

मेकॅनिक आला. त्याने रिमोटच्या पोटातली लोखंडी चावी काढून दार उघडलं आणि आपल्या बॅटरीच्या वायरी धाकटीला लावल्या. माझा पडदा उजळला. चव्वेचाळीस टक्के.

"थोरली ठणठणीत आहे," तो म्हणाला. "गेली ती धाकटी. ताई, फोनवर किती वेळा बघायचात?"

"अधूनमधून." मग हळूच, "दर तासाला."

"निजलेल्या बाळाला दर तासाला हलवून 'झोपलास ना?' विचारलंत तर बाळाचं काय होईल?"

"पण मावशी चालू करत होत्या ना…" आई बोलता बोलता थांबली. तिने तळमजल्याच्या बंद खिडकीकडे पाहिलं आणि पळत सुटली.

मावशी खाटेवर होत्या. दोन महिन्यांपूर्वी न्हाणीघरात पडल्या होत्या, पाय सुजून जड झाला होता. शेजारीण दारात डबा ठेवून जायची. "लेकुरवाळीला कशाला घोर लावायचा?" त्या म्हणाल्या. "अंगठा धड होता, तो पाठवला."

धाकटी नवी आली. त्या दुपारी मावशींना इस्पितळात मीच नेलं. ताशी वीसच्या वेगाने नाही. मागे दीर त्यांचा पाय मांडीवर घेऊन बसला होता. मढ्यात बसायला त्याला काही वाटलं नाही.

मित्रांनो, आमच्यासारखीला उभी ठेवायची असेल तर अर्धी भरा, सावलीत लावा, धाकटीला उपाशी ठेवू नका. एवढं केलंत तर मी वर्षानेही उठून दाखवीन. माणसांचं मी सांगू शकत नाही. तुमच्या फोनवरही कोणाचा तरी नुसता अंगठा येत असेल. आज त्यावर विसंबू नका. जिना उतरा आणि त्यांची कडी वाजवा.