एकच शब्द जाईल

लोकं अजून म्हणतेत, शकूनं नवऱ्याचं नाव घेतलं. घेतलं मी, मंग? तुमी होते का तिथी?

छप्पन सालच्या श्रावणातली गोष्ट. माहा नवरा जंगल मोजणीवाल्यायच्या बैलगाडीवर गाडीवान होता. बाजारात बातमी आली का, नाल्याच्या पुरात मोजणीची एक गाडी गाडीवानासकट वाहून गेली. कोणाची, ते कोणालेच माहीत नाई. मी तशीच पळत चामोर्शीच्या बाहेर मोजणीवाल्यायच्या तंबूत गेली.

तिथी नागपूरचा बाबुलाल बाबू वायरलेसच्या यंत्रावर बसून होता. दुपारी बारा ते सव्वाबारा, तेवढंच बोलणं. त्यातही जंगलातल्या यंत्राचा आवाज इथवर येत नव्हता. मधात टेकडीवर दुसरी गाडी यंत्र घेऊन उभी; तिथच्या माणसानं आयकायचं आन् पुढं सांगायचं.

"कोणाची चौकशी करायची? नाव सांगा बाई," बाबू म्हणाला.

"चैतूच्या बाबाची."

"हवा खराब आहे. लांबलचक काही पोचत नाही. एकच शब्द जाईल, तोही हळूहळू दोनदा बोलला तर. नाव सांगा."

आता नवऱ्याचं नाव कोणती बाई घेते? नाव सांगाले सासूले बलवाले गावात जाव तर वेळ सरते, मंग उद्याच्या दुपारपर्यंत काईच नाई. तेवढा घोर घेऊन मी कशी राहू? बाबू घड्याळ पाहून राह्यला होता. मले त्याचा राग आला, माहा सोताचाही आला. तिकडे माणूस हाय का नाई ते ठाव नाई, आन् मी इथी लाजून राह्यली.

मी यंत्रात तोंड घातलं. "दसरू," म्हटलं. "दसरू."

मधल्यानं ते आयकून पुढं सांगतलं. मंग नुसती खरखर. मी तंबूचा खांब धरून उभी होती.

लय वेळानं तुटक आवाज आला. बाबूनं एकेक शब्द दोनदा विचारून पक्कं केलं. "आहे. तुमचा माणूस जिवंत आहे. गाडी दुसऱ्याची होती, तोही झाड धरून वाचला." मी खालीच बसली आन् पोटभर रडली.

"थांबा," बाबू कान देऊन म्हणाला. "तुमचा माणूस म्हणतो, नाव नीट पोचलं नाही. पुन्हा सांगा."

लबाड कुठचा. पोचलं नाई तर सापडला कसा? पण लगनाले अकरा वर्सं झाली होती. माह्याकडून त्याले त्याचं नाव कधीच भेटलं नव्हतं.

मी उठली, पदर सावरला आन् घेतलं. बाबू म्हणाला, एवढ्या जोरात बोलावं लागत नाही बाई. मले लागत होतं.