पाण्याच्या भिंगावर तेलाचा थेंब

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. उद्या मला भंगारात नेणार आहेत, म्हणून आजच बोलून घेतो.

ज्यांनी माझी भिंगं घासली, ते श्वाससुद्धा जपून घ्यायचे. प्रयोगशाळेत आलो तेव्हा माझं कोण कौतुक! मी पानाच्या पेशीत डोकावायचो. तिथे आतलं एक नाजूक जाळं पेशीच्या बाहेरच्या पडद्याला मधूनमधून हलकेच टेकतं. त्या टेकण्याच्या जागीच एक प्रथिन बसतं, असं ताईचं म्हणणं. ताई म्हणजे इथली संशोधक, एका तान्ह्या मुलीची आई. तिने प्रथिनाला हिरवी चमक दिली होती, पडद्याला लाल. दोन्ही एकत्र आली की पिवळा ठिपका दिसणार.

तो ठिपका दाखवायची तिची मुदत आज संपत होती. आणि दिसत होतं नुसतं धुकं.

"अगं, नसेलच ते तिथे," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. "किती डोळे फोडून घेशील?"

"आहे, सर. जरा उजेड वाढवून बघते."

नको गं बाई! माझ्या झगझगीत उजेडात ती चमक विझत जाते. आणि धुकं पानात नव्हतंच. माझं एक भिंग पानाशी टेकताना मधे फक्त पाण्याचा थेंब मागतं, तेलाने त्याला सगळं धूसर दिसतं. कुणीतरी घाईत त्यावर तेल सोडलं होतं आणि न पुसताच निघून गेलं होतं. पण मला वाचा कुठली? ती उजेड वाढवत राहिली.

तेवढ्यात सासूबाईंचा फोन आला. "बाटली तोंडात धरत नाही गं. कधी येतेस?"

"आलेच, आई. खांद्यावर घेऊन फिरवा जरा."

तिने चष्मा काढला. त्यावर लेकीची चिकट बोटं उमटली होती. पुसता पुसता ती थबकली. खाली वाकून तिने माझ्या भिंगावरून कागद फिरवला. कागद तेलकट झाला.

मला लख्ख दिसू लागलं. पानाच्या कडेला एक पिवळा ठिपका! तिचा हात चित्र टिपायला जाईपर्यंत तो विझला. बाकीचं पान केव्हाच विझलं होतं.

"दिसलं, सर. तिथेच होतं."

"चित्र आहे?"

ताईने माझा उजेड मालवला. जाण्याआधी तिने माझं एकेक भिंग पुसलं, बाळाचं तोंड पुसावं तसं, हलक्या हाताने.

मित्रांनो, तुम्ही उठलात की त्याच जागी आणखी कुणीतरी डोळा लावून बसणार असतं. तेवढं पुसून उठा.