उघड्या खिडकीचं भाषांतर

इंग्रजी येत नाही म्हणून माणसाला हसणारे लोक तुम्ही पाहिले असतील. आमच्याकडे तर त्यांचं उदंड पीक आहे! जन्मात कुणा परदेशी माणसाशी चार वाक्यं बोललेले नसतात, पण दुसऱ्याचा उच्चार चुकला की यांचे कान लगेच टवकारतात. चीनमधल्या निंगबो शहराजवळच्या आमच्या गावात गॅसवर चालणारे हीटर बनवणारा एक कारखाना आहे. त्याच्या कचेरीत असे दीडशहाणे टेबलागणिक एक बसले होते.

त्यांची राणी होती तोंग यानिंग. वय एकतीस. विद्यापीठात असताना सहाव्या पातळीची इंग्रजी परीक्षा ती चांगल्या गुणांनी पास झाली होती आणि ते प्रमाणपत्र तिने टेबलामागच्या भिंतीवर टांगलं होतं. शब्दांच्या याद्या पाठ करायच्या, चार पर्यायांतल्या एकावर खूण करायची, हेच तिचं इंग्रजी. पण कचेरीत दुसऱ्या कुणाला तेवढंही येत नसल्यामुळे परदेशी जाणाऱ्या मालाची सूचनापत्रकं तीच भाषांतरित करायची आणि तिने लिहिलेलं तपासायची कुणाची छाती नव्हती.

खाली माल भरायच्या शेडमध्ये फान शूझेन नावाची बाई होती. बावन्न वर्षांची. सगळे तिला फान मावशी म्हणत. सतरा वर्षं ती खोक्यांत हीटर आणि सूचनापत्रकं भरत होती. आपण रोज या खोक्यात बंद करतो त्या कागदावर लिहिलंय तरी काय, असं दोन वर्षांपूर्वी तिच्या मनात आलं. शाळकरी मुलांचं एक जुनं सरावाचं पुस्तक तिने रद्दीतून आणलं, आधीच्या पोराने लिहिलेली उत्तरं खोडरबराने पुसली आणि पहिल्या धड्यापासून सुरुवात केली. दुपारी जेवण झाल्यावर सगळा कारखाना टेबलांवर माना टाकून झोपायचा, तेव्हा मावशी गाळलेल्या जागा भरत बसायची.

कचेरीला ही मोठी करमणूक झाली. "मावशी, लंडनला कधी निघालात?" असं जिन्यावर विचारलं जाई. तोंग यानिंग त्यात तोंड घालत नसे. ती नुसतं नाक मुरडायची, आणि ते जास्त झोंबायचं.

एका बुधवारी नवीन पत्रकांचे गठ्ठे आले. मावशीने एक उचललं, तिसरी ओळ वाचली, पुन्हा वाचली. मग पुस्तकातलं पान काढून पाहिलं आणि थेट वर गेली.

"तोंग मॅडम, एक विचारू? हा शब्द, अनलेस. याच्या पोटातच 'नाही' आहे, हो ना?"

"मावशी, मला व्याकरण शिकवायला आलात?"

"तसं नाही हो. पण मग पुढे आणखी एक नॉट कशाला?"

"आधी खिडकीला इंग्रजीत काय म्हणतात ते म्हणून दाखवा की मावशी!" पलीकडचा कारकून म्हणाला.

"वेन-तोउ," मावशी सरळपणे म्हणाली.

अख्खी खोली खो-खो हसली. तोंगने कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुम्ही खोकी भरा. इंग्रजीचं आम्ही बघतो."

मावशी खाली आली, पण तिने खोकी भरली नाहीत. ती हाताची घडी घालून उभी राहिली. तिच्या पुढची माणसं थांबली, मग मागचीही थांबली. दहा मिनिटांत व्यवस्थापक ओउयांग साहेब तणतणत आले, त्यांच्यामागे तोंग आणि तिच्यामागे मजा बघायला दोन कारकून.

"काय नाटक आहे हे?" साहेब ओरडले. "बाहेर ट्रक उभा आहे!"

"साहेब, मॅडमना एवढीच विनंती करा," मावशी म्हणाली. "ती तिसरी ओळ परत आपल्या भाषेत सांगायला सांगा. माझ्या शेजारणीला कळेल अशी."

तोंगने कागद घेतला आणि ऐटीत वाचलं, "डू नॉट लाइट द हीटर अनलेस द विंडो इज नॉट ओपन." उच्चार अगदी सुरेख होता. मग ती अर्थ सांगू लागली, "खिडकी जर उघडी... उघडी नसेल, तरच हीटर..."

आणि ती थांबली. खिडकी बंद असेल तरच हीटर पेटवा! हे तिने लिहिलं होतं!

तिला त्या क्षणी सगळं समजलं, हे नीट लक्षात घ्या. अजाणतेपणी झालेली चूक एवढ्यावर संपली होती. पुढे तिने केलं ते जाणूनबुजून केलं. कारकून बघत होते, साहेब बघत होते, आणि समोर मळकट हातमोजे घातलेली बाई उभी होती. तोंग यानिंगने मान ताठ केली.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "इंग्रजीची लकबच तशी असते. सगळ्यांना नाही कळत ती."

"ऐकलंत?" साहेब मावशीवर गुरकावले. "चला, हात चालवा!"

शिकलेल्या माणसाचा शब्द! झालं, तेवढा पुरे असतो आपल्याला. शेड पुन्हा सुरू झाली. दुपारच्या सुट्टीपर्यंत निम्मा ट्रक भरला.

तोंगने डबा उघडला. मुरवलेल्या मोहरीच्या पाल्यात परतलेल्या तांदळाच्या उकडीच्या चकत्या होत्या. तिने तो न खाताच बंद केला. आजूबाजूला सगळे झोपले. ती पाय न वाजवता खाली गेली.

फान मावशी खोक्यावर बसली होती. उरलेल्या पत्रकांतलं एकेक घेऊन ती पेनाने तिसऱ्या ओळीतला नॉट खोडत होती. बाजूला शंभरेक कागदांचा ढीग झाला होता. अजून हजारावर बाकी होते.

"हे कशाला करताय?" तोंगने विचारलं. "साहेबांनी पाहिलं तर काढून टाकतील."

"टाकू देत." मावशीने मान वर केली नाही. "माझी धाकटी जाऊ हांगचौला भाड्याच्या खोलीत राहायची. थंडी आत येते म्हणून तिने खिडकीच्या फटींना चिकटपट्टी लावली आणि हीटर पेटवून निजली. शेजारी तिची पोर. कुणाचातरी वापरलेला हीटर होता, त्याबरोबर कागदच नव्हता. खोलीत विषारी वायू कोंडला, आणि सकाळी दोघी उठल्याच नाहीत."

तोंगने गठ्ठ्यातला एक कागद उचलून तिसरी ओळ पुन्हा वाचली.

"तुम्हाला माझ्यापेक्षा दसपट शब्द येतात, मॅडम," मावशी म्हणाली. "पण तुम्ही वाक्य लिहिता तेव्हा डोळ्यांसमोर गुण देणारे मास्तर असतात. त्या घरातली बाई नसते. ती बाई तुमचा कागद वाचेल, तुमच्यावर विश्वास ठेवेल, आणि उठून खिडकी लावून घेईल."

"मग सगळ्यांसमोर का नाही म्हणालात, की मी खोटं बोलतेय?"

"म्हणून काय झालं असतं? वेन-तोउ म्हणणारीचं कोण ऐकणार?"

या वाक्याने तोंग यानिंगचा चेहरा उतरला. तिने तो शब्द ऐकला होता. त्यावर पिकलेलं हसू ऐकलं होतं. त्या हशाच्या आडोशाला उभं राहून आपण खोटं बोललो, हे तिला आता लख्ख दिसलं. लाज वाटली तिला! वाटायलाच हवी होती.

ती तडक वर गेली आणि आरामखुर्चीत घोरत असलेल्या साहेबांना तिने जागं केलं. "साहेब, ट्रक रिकामा करा. ओळ चुकली आहे. फान मावशी बरोबर होत्या. मला तेव्हाच कळलं होतं आणि मी खोटं बोलले."

साहेब डोळे चोळत उठले. "हळू बोल! अगं, ते कागद कोण वाचतंय? लोक खोकं फोडतात, कागद फेकतात."

"फान मावशी वाचतात," तोंग म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता, आणि टेबलांवरच्या माना एकेक करून वर होत होत्या. "तुम्ही नाही वाचत, मी नाही वाचलं, म्हणून जगात कुणीच वाचत नाही का? ट्रक गेला तर परदेशात माल घेणाऱ्यांना मी स्वतः कळवीन. माझ्याच सुरेख इंग्रजीत!"

साहेबांना सद्बुद्धी नाही झाली, भीती वाटली. पण ट्रक रिकामा झाला. खोकी उघडली गेली आणि नवी पत्रकं छापून येईपर्यंत तीन दिवस माल अडकून राहिला. तोंगच्या वागणुकीची लेखी नोंद झाली. फान मावशीचं कौतुक कुणी केलं नाही. आणि ते दोन कारकून? त्यांना काय, नवीन गिऱ्हाईक मिळालं! "मॅडम, आज खिडकी उघडायची की लावायची?" असं ते आता तोंगला विचारू लागले. अशा माणसांना हसायला कुणीतरी लागतंच. स्वतः काही शिकायचं नसलं की तेवढाच उद्योग उरतो.

तोंगने ते मुकाट्याने ऐकून घेतलं. पण तेव्हापासून छापायला देण्याआधी प्रत्येक कागद ती शेडमध्ये नेऊ लागली. ती इंग्रजी वाक्य वाचायची आणि मावशी त्याचा अर्थ आपल्या भाषेत सांगायची. मावशी अडखळली की तोंग ते वाक्य खोडून पुन्हा, सोपं करून लिहायची. उच्चारही ती दुरुस्त करायची. मावशीला ते फारसं जमलं नाही, आणि त्याचं दोघींपैकी कुणाला काही वाटलं नाही.

तर मित्रहो, परक्या भाषेचे शब्द पाठ करणं ही विद्या नव्हे, आणि तिचा तोरा मिरवणं तर नव्हेच नव्हे. आपलं वाक्य वाचून पलीकडचा माणूस काय करील, याची काळजी ज्याला वाटते त्यालाच भाषा आली म्हणायची. ती काळजी नसेल तर हवे तेवढे गुण मिळवा; तुम्ही निरक्षरच आहात. आणि उद्या कुणी चुकतमाकत चार परके शब्द जुळवताना दिसला, तर हसण्याआधी तो काय सांगतोय ते ऐका. कदाचित कुणाचा तरी जीव त्या सांगण्यावर अवलंबून असेल.