परातीतली कावीळ

दिल्लीतल्या मुनिरक्याच्या एका बोळात सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. हरिदासबाबा कावीळ उतरवत होता. रोग्याच्या तळव्यांना आधी प्रसादाचा रस चोळायचा, मग परातीत हात धुवायला लावायचा. परातीतलं निवळ पाणी बघता बघता पिवळंधमक होई. "देखो, पीलिया उतर रहा है," बाबा गंभीरपणे सांगे आणि स्पर्धा परीक्षेसाठी विज्ञान घोकणारी आपली मराठी मुलंही हात जोडत.

चार घरं पलीकडे डॉक्टर रेवतीच्या सरकारी दवाखान्यात शुकशुकाट होता. नळात गटाराचं पाणी मिसळल्यापासून ती सगळ्यांना एकच सांगत होती: पाणी उकळून प्या, विश्रांती घ्या, रक्त तपासा. सुई नाही, सलाईन नाही. लोकांना ती टाळाटाळ वाटे. बहुतेकांची कावीळ आपोआप बरी होई आणि श्रेय बाबा घेऊन जाई.

आज बाबाच्या रांगेत तिची रुग्ण कादंबरी दिसली आणि रेवती तडक तिकडे गेली. कादंबरीला कावीळ झाली होती आणि सातवा महिना होता. गरोदरपणात ही कावीळ जिवावर बेतू शकते, म्हणून रेवतीने तिला कालच मोठ्या रुग्णालयात जायला बजावलं होतं.

"उद्या जातो ना," तिचा नवरा सुधन्वा ओशाळून म्हणाला. "इथे निदान काहीतरी निघताना दिसतं यार."

रेवतीचं डोकं फिरलं. तिने स्वतःचे हात बाबापुढे धरले. त्याने रस चोळला, तिने हात धुतले, तर पाणी पिवळं.

"मला कुठे कावीळ आहे?" तिने हिंदीत विचारलं. बाबा गडबडला नाही. मॅडमच्या आत छुपा पीलिया आहे, म्हणाला.

"मग आता हिचे हात धुवा. रस न लावता."

बाबाने परात मागे ओढली. कादंबरीनेच ती पुढे घेतली, बाबाच्याच घड्यातलं ताजं पाणी ओतलं आणि कोरडे हात त्यात चोळले. पाणी निवळच राहिलं. तिचे डोळे मात्र हळदीसारखे पिवळे होते.

रस आंब्याच्या झाडाच्या सालीचा, पाणी म्हणजे चुन्याची निवळी. दोन्ही एकत्र आली की रंग येतो, रेवतीने सगळ्यांना समजावलं. "माझ्याकडे दाखवायला काही नाही. पण पाणी उकळा, रक्त तपासा, आणि गरोदर बाईला एक दिवसही थांबवू नका."

सुधन्वाने रिक्षा बोलावली. रांगेतले काही जण दवाखान्याकडे वळले, काही तिथेच थांबले. कादंबरी कालच गेली असती तर, हा विचार रेवतीला दिवसभर सोडत नव्हता.