सत्तर रोलर अडवणारं लाल कुलूप

मी टोरुनचं लाल कुलूप बोलतोय! हसू नका. मी तळहातावर मावतो हे खरं, पण एकदा मेन स्विचवर जाऊन बसलो की आमच्या उत्तर स्वीडनमधल्या पोलाद कारखान्याचे सत्तर रोलर मुकाट उभे राहतात. पोलादाच्या लालबुंद लाद्या वाहून नेणारे ते आडदांड रोलर, आणि त्यांना दमात घेणारा मी, जेमतेम पावशेर वजनाचा! आहे की नाही मजा?

माझा जन्म हजारभर भावंडांसोबत कुठल्याशा साच्यात झाला. तेव्हा मी कुणीच नव्हतो. टोरुन देखभाल विभागात इलेक्ट्रिशियन म्हणून रुजू झाली, त्या दिवशी मला तिच्या हातात दिलं, माझ्या पोटावर तिचं नाव आणि फोटो चिकटवला, आणि मी एकदम माणसांत आलो. माझी किल्ली एकच, ती तिच्या गळ्यात. नियमही एकच. जो मशीनमध्ये उतरेल त्याने स्वतःचं कुलूप स्विचवर लावायचं, आणि ज्याने लावलं त्यानेच काढायचं. साहेब असो की झाडूवाला, प्रत्येकाचं एकेक कुलूप. सगळी निघेपर्यंत वीज येणार नाही म्हणजे नाही. एवढी रोकडी समता तुमच्या कुठल्या जाहीरनाम्यात आहे, सांगा बरं!

अकरा वर्षं झाली. मी भट्टीच्या पंख्यावर बसलोय, क्रेनवर लटकलोय, एकदा तर अर्वोच्या कॉफीत पडलोय. अर्वो म्हणजे टोरुनचा जोडीदार इलेक्ट्रिशियन. कॉफी गाळून प्यायला बेटा! माणसं मला फार आवडतात. कानावर खोचलेली पेन्सिल सगळ्या टेबलावर शोधतात. टोरुन तर मोटारीशी बोलते, "चल गं बाई, आता रुसू नकोस."

पण गेल्या मिडसमरला, म्हणजे आमच्या भर उन्हाळ्यातल्या सणाच्या दिवशी, माझी खरी परीक्षा झाली.

सकाळी टोरुनने रोलरची जळकी केबल बदलली. मला काढून चाचणी घेतली, एक जोड सैल निघाला, म्हणून मला पुन्हा लावून तो आवळला. तेवढ्यात पाळी सुटल्याचा भोंगा झाला. बाहेर तिची बहीण गाडी घेऊन उभी, गावात फुलांनी सजवलेला खांब उभा राहायची वेळ. टोरुन जी धावत सुटली, ती मला स्विचवर विसरूनच! तिची हत्यारांची पिशवीही माझ्याखालीच राहिली.

दुपारच्या पाळीचा साहेब बिर्गर आला आणि मला बघून भडकला.

"अरे, हे काय! भट्टीत लाद्या तापून बसल्यात!"

"टोरुनचं आहे," अर्वो म्हणाला.

"ती तिकडे सणाचे हेरिंग मासे खात बसली असेल. काप ते!"

"थांब, फोन लावतो." फोन वाजला. माझ्याखालच्या पिशवीत!

अर्वोचा चेहरा उतरला. "बिर्गर, तिची गाडीही आवारातच आहे. ती खाली रोलरच्या खड्ड्यात असली तर?"

"कशाला असेल? सणाचा दिवस आहे!"

"तिचा आवाज ऐकल्याशिवाय कुलूप कापायचं नाही. मी खाली उतरून बघतो." असं म्हणून अर्वोने आपलं निळं कुलूप माझ्याशेजारी लावलं आणि शिडी उतरला.

बिर्गरला धीर कुठला! त्याने लांब दांड्यांची कात्री आणलीच, आणि तिचा जबडा माझ्या मानेला लावून उभा राहिला. "अर्वो वर आला की एका फटक्यात उडवतो," स्वतःशीच पुटपुटला. गार लोखंड हो! मी गळ्याशपथ सांगतो, मला माझी काळजी नव्हती. म्हणजे थोडी होती. पण खाली खरंच कुणी असलं, आणि मी तुटलो, तर?

खालून अर्वोच्या हाका येत होत्या. "टोरुन! ए टोरुन!"

आणि उत्तरादाखल गाणं आलं! बेसूर, घोगरं, मन लावून म्हटलेलं.

"हिचा आवाज कधी बसला?" बिर्गर चमकला.

शिडीवरून अर्वो वर आला तो मेल्करला दंडाला धरूनच. मेल्कर कंत्राटी सफाई कामगार. पार आतल्या टोकाला रोलरखाली पडलेले लोखंडाचे पोपडे झाडत होता, कानांवर रेडिओ वाजणारी जाड झाकणं.

"काय झालं?" त्याने एक झाकण वर करून विचारलं.

"तुझं कुलूप कुठंय रे?"

"कपाटात. इथे लाल कुलूप दिसलं, म्हटलं झालं की!"

"ते तुझं होतं का, गाढवा? तिने येऊन काढलं असतं तर?"

कात्री बिर्गरच्या हातातून गळून पडली. तो तिथेच जमिनीवर बसला. "मी... मी कापणार होतो," एवढंच म्हणाला. मग अचानक हसायला लागला, डोळ्यांतून पाणी वाहेस्तोवर. अर्वो हसला, मेल्करही कारण न कळता हसला. मी तर स्विचवर खुळखुळ नाचत होतो!

बहिणीच्या फोनवर निरोप गेला आणि टोरुन आली, डोक्यावर फुलांचा मुकुट, ओठाला स्ट्रॉबेरी. "माफ करा रे, चुकलंच माझं!" सगळं ऐकल्यावर मात्र तिने मुकुट उतरवून बाजूला ठेवला. तिने स्वतः खड्ड्यात उतरून कोपरा न् कोपरा पाहिला, मेल्करला समोर उभं केलं, आणि मगच किल्ली फिरवली.

आता माझा रंग पार उडालाय, तिचा फोटोही फिकटलाय. लवकरच नवं कुलूप येईल, मला निरोप मिळेल. खुशाल मिळो. पण तुम्हाला हात जोडून सांगतो, दुसऱ्याच्या कुलपाच्या भरवशावर आत शिरू नका, स्वतःचं लावा. आणि घाई कितीही असो, कात्री उचलण्याआधी खाली वाकून हाक मारा. उत्तर येईपर्यंत थांबा.